भाषा वेगळी, दावा वेगळा

‘उद्धट भाषेतला कोड रिव्ह्यू (आपल्या कोडवरचा अभिप्राय) वाचायचाच नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका मेंटेनरला (त्यातला एक भाग सांभाळणाऱ्याला) जाहीर मेलमध्ये फार वाईट शब्दांत झापलं. तो अपमान पूर्णपणे अनावश्यक होता. पण त्याच मेलमध्ये दोन ठोस मुद्दे होते: आयओसीटीएलमधून (प्रोग्रॅम डिव्हाइसला सूचना देतो त्या कॉलमधून) ‘ईनोएंट’ (‘अशी फाइल नाही’) हा एरर कोड परत करायचा नसतो, आणि कर्नलमधल्या बदलामुळे चालता प्रोग्रॅम मोडला तर दोष कर्नलचा. पहिला मुद्दा कोड उघडून तपासता येतो, दुसरा प्रकल्पाचा नियम आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, आचारसंहिताही आली. नियम मात्र तसाच राहिला.

म्हणून तुमच्या पॅचवर (पाठवलेल्या कोडबदलावर) कडक मेल आला की आधी मेंटेनर्स फाइल, म्हणजे कर्नलचा कुठला भाग कोण सांभाळतं याची यादी, बघा. लिहिणारा त्या सबसिस्टिमचा (कर्नलच्या त्या भागाचा) मेंटेनर नसेल तर त्याचं मत तोला, पण पॅच घ्यायचा की नाही हे तो ठरवत नाही. रिग्रेशनचा, म्हणजे आधी चालणारं काही मोडल्याचा, दावा असेल तर गिट बायसेक्ट चालवा; ते कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) यादी दर चाचणीला अर्धी करत जातं. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा चाचण्यांत सापडतो. उत्तर प्रत्येक मुद्द्याच्या खाली लिहा. पॅचच्या पुढच्या आवृत्तीत काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या (---) ओळीखाली टाका, तो मजकूर कमिट मेसेजमध्ये (बदलासोबत कायम राहणाऱ्या वर्णनात) जात नाही. न पटलेला मुद्दा गाळून गुपचूप नवी आवृत्ती पाठवली तर रिव्ह्यूअर भडकतो, आणि तिथे त्याचं काहीच चुकत नाही.