मदत हवी आहे: नदीतून ओंडके नेणाऱ्यांना काय म्हणतात?

उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांचं 'द जॅम ऑन गेरीज रॉक' हे जुनं गाणं मराठीत आणतेय, गाता येईल असं. रविवारी सकाळी नदीत ओंडक्यांची कोंडी होते. ती फोडताना मुकादम मन्रो आणि सहा गडी बुडतात. कोंडी, मुकादम, गडी चालीत बसले. (गाण्याचे शेवटचे शब्द हे लाकूडतोडे गायक बरेचदा न गाता नुसते बोलून टाकत, तेही जमलं!)

अडलंय 'रिव्हर ड्रायव्हर'पाशी. 'लाकूडतोड्या' म्हटलं की सोन्याची कुऱ्हाड आठवते, शिवाय हे रिव्हर ड्रायव्हर आकड्याच्या काठीने ओंडके प्रवाहात हाकत असत. 'नावाडी', 'तराफेवाला' करून पाहिलं, अर्थच बदलतो. घडवलेला संस्कृत शब्द नको, तीन-चार अक्षरी बोलीतला हवा. गडचिरोली-चंद्रपूरकडे जंगलकामात असा शब्द कुणी ऐकलाय का?