'ओळख' की 'अस्मिता'? युद्धानंतरच्या माणसासाठी कोणता शब्द?

प्रश्न

एका लेखाचं मराठी करतोय. युद्ध, क्रांती, फाळणी यांतून गेलेली माणसं नंतर स्वतःला काय समजू लागतात, असा विषय आहे. मुळात शब्द एकच. मी मात्र कुठे 'राष्ट्रीय ओळख' लिहिलंय, कुठे 'राष्ट्रीय अस्मिता'. आता सलग वाचताना खटकतंय. 'युद्धाने राष्ट्राची ओळख बदलली' आणि 'युद्धाने राष्ट्राची अस्मिता बदलली' ही दोन वाक्यं मला एका अर्थाची वाटत नाहीत. पण फरक नेमका कुठे आहे?

उत्तर

फरक आहे, आणि तो शेजारच्या क्रियापदांत सापडतो. ओळख होते, पटते, निघते, पुसली जाते. कुणी ती देतो, कुणी दाखवतो, कुणी लपवतो. ओळखपत्र असतं, ओळखपरेड असते. या प्रत्येक ठिकाणी दुसरा माणूस लागतो, ओळखणारा. अस्मिता जागते, फुलते, दुखावते, डिवचली जाते. 'अस्मितापत्र' कुठल्याही नाक्यावर कुणी मागत नाही. शब्दच 'अस्मि'पासून झालेला: मी आहे. त्याला साक्षीदाराची गरज नाही.

जुना अर्थही पाहण्यासारखा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पाहणारा आणि ज्याच्या आधारे तो पाहतो ते साधन, ही दोन्ही एकच वाटू लागणं म्हणजे अस्मिता. आज आपण ज्या शब्दाचा अभिमान बाळगतो तो तिथे दुःखाच्या कारणांत मोजलेला आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. देश हे जग पाहण्याचं एक साधन. युद्धात माणसाला ते साधन म्हणजेच मी असं वाटू लागतं, आणि सीमेवर झालेला घाव थेट अंगावर लागतो.

आता तुमच्या विषयाकडे. शांततेच्या काळात ओळख आणि अस्मिता एकमेकींना चिकटून असतात, म्हणून आपल्याला एका शब्दावर भागवता येतं. उलथापालथ झाली की त्या सुटतात. पोलंडच्या १९३१ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली होती. पोलेसी या दलदलीच्या, जंगलांच्या भागात सात लाखांहून जास्त लोकांच्या नावापुढे 'तुतेयशी' अशी नोंद झाली. म्हणजे 'इथली'. कुठली भाषा बोलता? इथली. बेलारूसी आणि युक्रेनी आकडे कमी दिसलेले पोलिश सरकारला सोयीचे होते, त्यामुळे या नोंदीत सरकारचा हात होताच. पण शब्द लोकांच्या तोंडचा होता. आठ वर्षांनी, १९३९ मध्ये, तो भाग सोव्हिएत संघाने घेतला. आज त्याचा मोठा हिस्सा बेलारूसमध्ये आहे, काही युक्रेनमध्ये. माणसं होती तिथेच राहिली तरी त्यांची ओळख बदलली. अस्मिता बदलली का? 'इथला' म्हणवणाऱ्याची ती निदान तेव्हा तरी बदलली नसावी. त्या भागाबद्दल लिहिताना मी 'ओळख' लिहीन आणि 'अस्मिता' हा शब्द लांब ठेवीन.

शंका

पटतंय, पण सगळं नाही. पतंजली आज कुणाच्या ध्यानात आहे? वापरात 'अस्मिता' म्हणजे 'अभिमानाची ओळख' एवढंच उरलंय. शिवाय 'राष्ट्रीयत्व' हा सरळ शब्द असताना या दोघींत अडकायचं कशाला?

उत्तर

वापराबद्दल तुमचं बरोबर आहे. वाचकाला पतंजली आठवणार नाही, आणि भाषांतरात तो आठवून द्यायचीही गरज नाही. पण 'राष्ट्रीयत्व' घ्यायला मी कचरतो, कारण तो शब्द अर्जाच्या रकान्यात जाऊन बसलाय. तिथे नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व यांची गल्लत होते, आणि ज्या देशांची गोष्ट आपण सांगतो तिथे तर रक्त सांडलंय ते याच दोहोंतल्या फटीवरून.

बांगलादेश पाहा. १९५२ च्या भाषा आंदोलनापासून १९७१ च्या मुक्तियुद्धापर्यंत ज्या शब्दाने लोक उभे राहिले तो होता 'बंगाली'. १९७२ च्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिकांना तेच नाव दिलं. संविधान सभेत चितगावच्या डोंगराळ भागातले, चाकमा या आदिवासी समाजाचे सदस्य मानवेंद्र नारायण लारमा उठले. मी चाकमा आहे, बंगाली नाही. या देशाचा नागरिक मात्र आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. सत्तरच्या दशकातच, झियाउर रहमान यांच्या राजवटीत, 'बंगाली'च्या जागी 'बांगलादेशी' आलं. २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही ठेवले: राष्ट्र म्हणून जनता बंगाली, नागरिक म्हणून बांगलादेशी.

एका देशाने चाळीस वर्षांत स्वतःसाठी तीनदा शब्द बसवला. ज्या अस्मितेने युद्ध जिंकून दिलं, तीच ओळख म्हणून सर्वांना वाटायला घेतली तेव्हा काहींच्या अंगाला बसेना. हे वाक्य 'राष्ट्रीयत्व' वापरून लिहून बघा. जमत नाही. आणि लारमांच्या बाबतीत 'त्यांची अस्मिता दुखावली' असं लिहिलंत तर माझ्या मते अन्याय होईल. त्यांनी मांडला होता तो ओळखीचा हक्क: मला जो मी आहे तो म्हणून ओळखा.

आणखी एक प्रश्न

याच लेखात एक जागा अडलीय. रशियनमध्ये युक्रेनसाठी 'ना' (म्हणजे 'वर') वापरावा की 'व' (म्हणजे 'आत'), यावरून वाद असल्याचा उल्लेख आहे. दोन्हींचं मराठी 'युक्रेनमध्ये' असंच होतं आणि मुद्दाच हरवतो.

उत्तर

हरवू देऊ नका, मराठीत याला जोड आहे. 'देशावर' आणि 'देशात' हे दोन शब्द शेजारी ठेवा. 'तो देशावर राहतो' म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या पठारावर, एका प्रदेशात. 'तो देशात राहतो' म्हणजे परदेशात नाही, राष्ट्राच्या हद्दीत आहे. नाम तेच, प्रत्यय बदलला की प्रदेशाचं राष्ट्र होतं. रशियन 'ना' साधारणपणे बेटं, डोंगराळ मुलूख, काही प्रांत यांना लागतो. 'व' बहुतेक राष्ट्रांना. १९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर १९९३ मध्ये युक्रेनच्या सरकारने 'व' वापरा अशी मागणी केली. आम्ही कुणाच्या अंगावरचा प्रदेश नाही, हद्द असलेला देश आहोत, हा तिचा अर्थ. युक्रेनीतही आधी 'ना' चालायचा. तारास शेवचेन्कोने १८४५ च्या कवितेत तोच वापरलाय आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नव्हता. व्याकरण तेच राहिलं, सभोवतालचा इतिहास बदलला. २०२२ नंतर तर रशियन बोलणारा माणूस दोहोंपैकी काय उच्चारतो यावरून ऐकणारा त्याची बाजू ठरवतो. भाषांतरात 'देशावर-देशात'ची एक ओळ कंसात दिलीत तर मराठी वाचकाला क्षणात कळेल.

शेवटचं एक

'नाश्की'ला काय लिहू? बोस्नियातला एक माणूस आपल्या भाषेला तसं म्हणतो.

उत्तर

हा शब्द सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांत जवळचाही. आधी पार्श्वभूमी. १९८१ च्या जनगणनेत युगोस्लाव्हियात बारा लाखांवर लोकांनी स्वतःला सर्ब, क्रोएट वगैरे काही न म्हणवता 'युगोस्लाव्ह' म्हणवलं होतं. दहा-अकरा वर्षांत तो देशच उरला नाही. ज्या भाषेला सर्बो-क्रोएशियन म्हणत तिची सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन झाली, पुढे माँटेनेग्रिनही. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने तिन्हींची आद्याक्षरं तिरक्या रेघांनी जोडून एक नाव बनवलं. बोस्नियातल्या सिगारेटच्या पाकिटावर इशारा तीन अधिकृत भाषांत छापलेला असायचा: 'पुशेन्ये उबिया', धूम्रपान जीव घेतं. पहिल्या दोन ओळी अक्षरशः एकच, तिसरी तीच, फक्त सिरिलिक लिपीत. याउलट कॉफी मागितली की माणूस उघडा पडतो: 'काफा' म्हणाला तर सर्बियन, 'कावा' म्हणाला तर क्रोएशियन, 'काह्वा' म्हणाला तर बोस्नियन. ज्याला यातलं कुठलंच नाव नको असतं तो भाषेला 'नाश्की' म्हणतो.

'नाश्की' आलाय 'नाश'वरून, म्हणजे 'आपला' किंवा 'आमचा'. त्यांच्या या 'नाश'मध्ये ऐकणारा धरलाय की नाही ते कळत नाही. मराठीत मात्र ते सांगावंच लागतं: 'आपली' म्हटलं तर समोरचा आत, 'आमची' म्हटलं तर बाहेर. युद्धाने त्या देशाचं काय केलं हे मला मराठीतून एका ओळीत सांगता येतं: 'आपण' होते त्यांचे 'आम्ही' आणि 'तुम्ही' झाले. त्यामुळे इथे एकच प्रतिशब्द ठरवून चालणार नाही. तो कुणाशी बोलतोय ते आधी पाहा. परक्या पाहुण्याला सांगत असेल तर 'आमची'. सारायेवोत जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी, ज्याचं आडनाव दुसऱ्या बाजूचं आहे त्याच्याशी बोलत असेल, तर 'आपली'च लिहा.