मदत हवी आहे: फुल थ्रॉटलला आउटबोर्ड (होडीच्या मागे लावलेलं इंजिन) बंद पडतं

दाभोळ खाडीतली फायबरची छोटी होडी, ९.९ एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, पेट्रोल-ऑईल ५०:१. दोरी ओढली की लगेच सुरू होतं, हळू कितीही वेळ चालतं. फुल थ्रॉटल दिला की थोड्या वेळाने गुदमरून बंद. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहिलं तर मात्र मस्त पळतं! बल्ब चपटा होत नाही, नुसता मऊ पडतो.

प्लग नवे (तेच पुन्हा सुचवू नका), कार्बोरेटर-फिल्टर साफ, टाकीचा हवेचा स्क्रू उघडा, पेट्रोल ताजं, कूलिंगच्या पाण्याची धार नीट.

मला संशय इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या डायफ्रामचा (आतल्या पातळ पडद्याचा). मेकॅनिक म्हणतो नळीच्या कनेक्टरमधून हवा ओढतंय. पंप दुरुस्तीचं किट बाहेरून मागवावं लागेल, म्हणून आधी खात्री हवी. जेटीवरच, गेज (दाब मोजायचं मीटर) नसताना, दोष पंपाचा की नळीचा हे कसं ओळखायचं?