नववीतल्या मुलीला कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात?

प्रश्न: माझी भाची यंदा नववीत गेली आहे. तिला साहस आवडते, शालेय जीवनही आवडते. मात्र उपदेश दिसला की ती पुस्तक मिटते. मराठीत काय सुचवाल?

प्रतिसाद १: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ निःसंकोच द्यावी. आणीबाणीच्या काळातला, नववीत शिकणारा मुकुंद जोशी मित्रांबरोबर अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून गप्पा मारतो, त्या गप्पांमधली टवाळी आणि वर्गातल्या शिरोडकर या मुलीविषयीची हुरहूर लेखकाने कोठेही गोड करून मांडलेली नाही. भाषा काही ठिकाणी रांगडी आहे. माझ्या मते तेच तिचे बळ आहे.

प्रतिसाद २: साहसासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा ‘ट्टॉक’ म्हणाला, की आजही पान उलटावेसे वाटते. तरी नववीपेक्षा सहावी-सातवीत तो अधिक रंगतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रतिसाद ३: कादंबरीचा आग्रह नसेल, तर प्रकाश नारायण संत यांच्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथा वाचायला द्या. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांतल्या या कथा सलग वाचल्यास कादंबरीसारख्याच उलगडतात, आणि त्यांतली कन्नडचा वास असलेली मराठी सुरुवातीला अडखळवते, पण दोन-तीन कथांनंतर तिचीच ओढ लागते.

मूळ प्रश्नकर्ता: आभार. आधी ‘शाळा’ मी स्वतः पुन्हा वाचतो आणि मग तिला देतो.