सीरममधील जस्त: ब्लँक स्वच्छ, तरीही आकडे फुगलेले

प्रश्न
नमस्कार. मी संशोधनासाठी आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्ये त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) सीरममधील जस्त आणि सेलेनियम मोजत आहे. सीरम वीसपट विरल करते, अंतर्गत मानक (प्रत्येक नमुन्यात तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेले मूलद्रव्य) म्हणून ऱ्होडियम वापरते. आम्लाचा ब्लँक (सीरम न घालता केलेली मोजणी) स्वच्छ आहे, प्रमाणित सीरमचा (ज्यातील प्रमाण आधीच ठाऊक असते त्याचा) आकडाही दिलेल्या मर्यादेत बसतो. तरीही चाळीसपैकी सहा नमुन्यांत जस्त प्रति डेसिलिटर १५० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते, एरवी ते साधारण ७० ते १२० असते. त्यांतल्या एका नमुन्यात सेलेनियमही अवाजवी आहे. यंत्राचे कॅलिब्रेशन दोनदा केले. चूक कोठे शोधावी?

प्रतिसाद १
यंत्राला तूर्त सोडा. तुमचा ब्लँक आणि प्रमाणित सीरम हे दोन्ही प्रयोगशाळेतच जन्मले. रुग्णाचे रक्त ज्या सुईतून, ज्या नळीतून आणि ज्या बुचाखालून आले, त्या वाटेने ते कधी गेलेच नाहीत. साध्या नळ्यांच्या रबरी बुचात जस्त असते आणि नळी आडवी राहिली की ते रक्तात उतरते. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी गडद निळ्या झाकणाच्या नळ्या याच कारणासाठी मिळतात. त्याच लॉटच्या रिकाम्या नळीत एक टक्का नायट्रिक आम्ल भरून ती रात्रभर आडवी ठेवा आणि मोजा. मात्र आम्ल सीरमपेक्षा जास्त जस्त सोडवते, त्यामुळे तो आकडा नमुन्यातून वजा करू नये, नळी नाकारण्यापुरताच वापरावा.

सीरमचा रंगही पाहा. तांबड्या पेशींत जस्त सीरमच्या दहापटीहून अधिक असते, त्यामुळे गुलाबी झाक असलेला नमुना सरळ बाद करावा.

प्रतिसाद २
सेलेनियम ७८ या वस्तुमानावर मोजता का? तसे असेल तर त्या रुग्णाचा एमआरआय कधी झाला, ते विचारा. कॉन्ट्रास्टमधील (एमआरआयसाठी शिरेतून देतात त्या द्रव्यातील) गॅडोलिनियम १५६ दुहेरी प्रभारित झाले की नेमके ७८ वर उमटते, कारण यंत्र वस्तुमान भागिले प्रभार वाचते, आणि हेलियमची कोलिजन सेल (यंत्रातील वायू भरलेला कक्ष), जी आर्गॉनच्या रेणूंना आवरते, ती याला आवरत नाही. कॉन्ट्रास्टनंतर निदान चार दिवस तरी रक्त घेऊ नये.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. सहांपैकी तीन नळ्या रात्रपाळीत साध्या रबरी बुचाच्या वापरल्या होत्या, दोन सीरम स्पष्ट गुलाबी आहेत. सेलेनियमवाल्या रुग्णाचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय आदल्याच दिवशी झाला होता, पण त्याची नळी योग्य आणि सीरमही स्वच्छ आहे, त्यामुळे त्याच्या जस्ताचा उलगडा अजून होत नाही. पावडरमधूनही जस्त येऊ शकते, म्हणून पावडरचे हातमोजे वापरले होते का, ते आज वॉर्डात विचारते.

प्रतिसाद १
विचाराच. शिवाय त्याला जस्ताच्या गोळ्या चालू आहेत का, हेही केसपेपरवर पाहा. आकडा खराही असू शकतो.