कर्नाळा अभयारण्य : लहान मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या बाबांना झेपेल अशी वाट कोणती?

नमस्कार मंडळी,

पनवेलला राहायला आल्यापासून कर्नाळ्याला जायचं मनात आहे. घरापासून दहा-बारा किलोमीटर, तरी अजून आत पाऊल टाकलेलं नाही. माझे बाबा जन्मभर कोकणातल्या रानात फिरले. आता गुडघे दुखतात. चढ कसाबसा जमतो, उतरताना फार त्रास होतो. मुलगी पाच वर्षांची आहे. हौसेने चालते, पण कंटाळली की कडेवर घ्यावं लागतं.

बाबांना झाडा-पाखरांची गावाकडची नावं तोंडपाठ आहेत. ती तिने त्यांच्याच तोंडून, झाडाखाली उभं राहून ऐकावीत असं मला फार वाटतं. त्यामुळे दोघांना एकत्र नेता येणं महत्त्वाचं. किल्ल्यावर जायचं नाहीच. आत हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत असं कळलं. कोणती घ्यावी? डिसेंबरात जायचा विचार आहे. एसटीने जावं की गाडीने? खाण्याचं काय करावं?

प्रतिसाद १

हरियालच घ्या. ती छोटी आहे, मोरटाका बरीच लांब पडते. आणि वाट पुरी करायचीच असं ठरवून जाऊ नका. बाबा थकतील तिथे खुशाल बसा, तिथूनच परत फिरा. गप्प बसलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात, हा माझा पक्का अनुभव आहे. वड-उंबराला फळं धरली असतील तर खाली थांबून वर बघा. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, पण पानांत असा मिसळतो की हलल्याशिवाय दिसत नाही. मुलीला भृंगराज दाखवा. शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके, लहान मुलांनाही लगेच ओळखता येतो. तांबटाचा टुक-टुक आवाज तर बाबाच ऐकवतील.

सकाळी लवकर पोहोचा. सुट्टीच्या दिवशी उशिरा गेलात तर गोंगाटच जास्त. पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. प्लास्टिकच्या वस्तूंची दारावर नोंद करून अनामत घेतात. माकडं आहेत, म्हणून मुलीच्या हातात खाऊ देऊ नका.

प्रतिसाद २

डिसेंबर चांगलाच, हिवाळी पाहुणे पक्षी आलेले असतात. पण फेब्रुवारीतही एकदा जा. पानं गळलेली असतात, पांगारा आणि सावर फुललेले असतात, पाखरं उघडी दिसतात. पेण-अलिबागकडच्या एसटी याच रस्त्याने जातात आणि प्रवेशद्वार महामार्गालगतच आहे. तरीही गाडीच बरी. परतीची बस धरायला लहान मुलीला घेऊन महामार्गाच्या कडेला उभं राहणं मला पटत नाही. पुढेमागे कोणी किल्ल्यावर गेलंच, तर सुळक्याला आग्या मोहोळं असतात हे लक्षात ठेवा. धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

येताना बाबांना शिरढोणला न्या, जवळच आहे. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली तिथे जन्मले.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हरियाल आणि गाडी हे ठरलं. शिरढोणचं ऐकून बाबा आत्ताच तयारीला लागलेत. एक विचारायचं राहिलं : बाबांसाठी घडीचं स्टूल आत नेऊ देतात का? कोणी नेलं असेल तर कृपया सांगा.