पोरं शाळेत बसवली म्हणजे उचल फिटते का?

बालाघाटचा_मास्तर
दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट कागदावर तेवढाच राहतो, वर्ग मात्र अर्धा रिकामा होतो. बीड जिल्हा, डोंगरातलं गाव. ऊसतोडीला निघालेल्या घरांची भांडी, पत्रे, कोंबड्या आणि पोरं एकाच ट्रकात चढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, त्या कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि बहुतेक वेळा दसऱ्याच्या आत संपलेलीही असते.

मागच्या हंगामात सातवीतली एक मुलगी मागे राहिली. जेवण शाळेच्या हंगामी वसतिगृहात, झोपायला आजीकडे. फेब्रुवारीत बाप मयतीला दोन दिवस गावी आला. त्याच्या मोबाइलमध्ये मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो होता. पोरीनं ऊस वजनाच्या काट्याच्या पावत्या फरशीवर मांडल्या, खडूनं बेरीज केली. आदल्या वर्षी फिटलेले १४ हजार यंदाच्या उचलीत परत धरलेले निघाले. बाप म्हणाला, "मला वाटतच होतं गुरुजी, पण कशाच्या जोरावर बोलायचं?"

म्हणून माझं मत असं, की ही वेठ मोडायची तर पहिला घाव शाळेनंच घालायचा. बाकीचं मागून येतं. पटत नसेल त्यांनी बोला.

भट्टीवरची_पाटी
मास्तर, राग नको, पण तुमचं उलटं आहे. मी पालघरकडे वीटभट्टीवर भोंगा शाळेत शिकवलंय. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी, तिच्या शेजारीच वर्ग. कातकरी पोरं बाराखडी गिरवायची आणि अकराच्या सुमारास मालकाची हाक आली की पाटी तिथंच टाकून विटा उलटायला पळायची. मी त्यांना कशाच्या आधारावर थांबवणार होतो? आईबापानं घेतलेला बयाणा, म्हणजे तिकडची उचल, त्या विटांतूनच फिटायचा, आणि आठवड्याची खावटी, म्हणजे खाण्यापुरते पैसे, मालकाच्याच हातून यायची.

२०२२ साली काय उघडकीला आलं ते आठवा. इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली होती. कुणाच्या बदल्यात काही हजार रुपये, कुणाच्या बदल्यात एक मेंढी. एक लहान मुलगी जिवानिशी गेली, तेव्हा सगळे जागे झाले.

वेठबिगारीचा कायदा १९७६ चा. त्यानुसार असं कर्ज संपलेलंच धरायचं. पण त्यासाठी मुक्तीचा दाखला लागतो आणि तो कचेरीतून निघतो. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलाला २ लाख आहेत, पण पूर्ण रक्कम खटल्यात मालकाला शिक्षा झाल्यावर. तोवर ते कुटुंब खाणार काय? पुढच्या गणपतीला परत त्याच मालकाच्या दारात. आधी दाखला आणि पोटाची सोय, मग तुमचा खडू.

काळी_माती
मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक. गुलामी, वेठ हे शब्द इतके स्वस्त करू नका. कुणाला दोरी बांधून आणत नाही आम्ही. चार वर्षांपूर्वी एका मुकादमानं माझ्या वाहनावर साडेअकरा लाख उचलले आणि टोळीच आणली नाही. पैसे अजून येतायत. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन गायब होणारे मजूर असतात, त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तो आम्ही सोसतोच ना? पोरं फडात येतात कारण आईबाप आणतात. मी तर त्यांना उसाजवळ फिरकू नका म्हणून ओरडतो.

अर्धा_कोयता
काका, तुमचे साडेअकरा लाख गेले हे वाईटच. पण तुमच्या फडात मी नऊ हंगाम काढलेत. तुमच्याच असं नाही, तुमच्यासारख्यांच्या. उचल दोघांच्या नावावर असते, राबतात चौघं. दहा वर्षांचं पोरगं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतं, मोळी बांधतं, आठ वर्षांची पोरगी तान्हं सांभाळते. मोळ्या मोजताना त्यांचे हात कुणी मोजत नाही. दोरी बांधत नाही म्हणता? उचल बाकी असताना आजारी पडून गावी परतलेल्याच्या घरी मुकादमाची जीप येते. ती कशाला येते तेही लिहा.

जातीचं अजून कुणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. मुक्कामाच्या तळावर कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, रांगसुद्धा जातीनं लागते. आमची मांगांची कोपी कायम टोकाला, सांडपाण्याकडे. या धंद्यात वंजारी आहेत, लमाण आहेत, हल्ली मराठेही आहेत. पण ज्याची गावाकडं दोन एकर आहे त्याला कधीतरी थांबता येतं. आमच्याकडं काय होतं? बलुतं मागायला वाट्याला आलेला उंबरा आणि वाजवायला हलगी.

मास्तर, तुमचंही पूर्ण पटत नाही. मी शिकलो, पुण्यात नोकरी करतो. मी शिकावं म्हणून थोरल्यानं आठवीत शाळा सोडली, त्याच्या लग्नाची उचल बापानं ५८ व्या वर्षी फडात जाऊन फेडली. मी सुटलो. घर सुटायला अजून अकरा वर्षं लागली.

मागे_राहिलेली
सगळे बाप्ये बोलताय म्हणून दोन ओळी. मुलगी बारा-तेराची झाली की आई म्हणते, हिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवू? फडावर नेली तरी तीच भीती. मग लग्न. लग्न झालं की अर्ध्याचा पुरा कोयता होतो, हे दोन्ही घरांना माहीत असतं. आजीकडे झोपायची सोय ही सोय नव्हे, मास्तर. आजी रात्री आठला झोपते. मुलींना बारा महिने दार लागणारं वसतिगृह पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं सरकारनं सुरू केली. ती गरजेच्या मानानं किती, ते इथल्या बीडवाल्यांनीच मोजावं.

आणि आधी शाळा की आधी कर्ज, हे भांडण शाहू महाराजांनी घातलंच नाही. १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण, पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. लगेच १९१८ ला महार वतनं, म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळालेल्या जमिनी, रयतावा केल्या, म्हणजे साध्या सारा भरायच्या जमिनी केल्या आणि वतनापायी राबवून घ्यायचा हक्कच काढून घेतला. ब्रिटिश मुलखात बाबासाहेबांनी वतनाचं बिल १९२८ ला मांडलं, वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं.

भट्टीवरची_पाटी
महाराजांच्या हातात सत्ता होती, ताई. इथं मास्तरांच्या हातात पटाची वही आहे आणि वरून १०० टक्के हजेरी दाखवायचा दट्ट्या.

काळी_माती
उचल कारखान्यानं थेट बँकेत, बाईच्याही नावावर द्यावी, याला माझी ना नाही. मधला मुकादम गेला तर मीच सुटेन. पण मजूर आला नाही तर जामीन कोण, एवढं सांगा. जीपचं म्हणाल तर... असो.

बालाघाटचा_मास्तर
पहिला घाव शाळेनंच घालायचा, हे वाक्य मी मागे घेतो. घाव एकच पुरत नाही, एवढं कळलं. आजीबद्दल ताई बरोबर बोलल्या, त्याचा मी विचारच केला नव्हता.

१४ हजारांचं काय झालं असं दोघांनी निरोपातून विचारलं. मुकादम म्हणाला, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बघू. पट्टा पडला, पाहिलं नाही. बापानं यंदा दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेतली. त्यानं आधी विचारलं म्हणे, "हिशेब करणारी पोरगी तुझीच का रे?" उचल दिली. वहीच्या पानाचा फोटो मात्र काढू दिला नाही.